स्विचमधलं कुंकू

दसऱ्याला नागपूरला जाऊन, दीक्षाभूमीवर माथा टेकून देवमन अकोल्याला परतला, तर गिरणीच्या फाटकातच त्याला कळलं की आता पुन्हा खांबावर चढायचं. त्याचं डोकंच सणकलं. उन्हापावसात खांबांवर टेलिफोनच्या तारा ओढून ओढून तो कसाबसा मेकॅनिक झाला होता. गिरणीचं हे नवं एक्स्चेंज त्यानं एकट्यानं, तार न तार जोडून उभं केलं होतं. आणि आता म्हणे जोडणी कच्ची!

"तूच पाह्य," एक्स्चेंजच्या खोलीत हेड मेकॅनिक भगवंतराव म्हणाला. "एक बी तार धड नाही. मी साहेबाले सांगून देलं."

तपासणीच्या फळीवर एक फिरता स्विच होता. तो फिरवला की एकेक तार त्याच एका मीटरला आणि रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकी खटक्याला, लागे. पन्नास व्होल्ट आले की रिले घट्ट बसे, काहीच नसलं की सुटे. आज कोणतीही तार घ्या, काटा तिसापाशीच लोंबकळत होता. रिले धड बसेना, धड सुटेना.

"खंडेनवमीले सगळ्यायनं यंत्राची पूजा केली," भगवंतरावानं जखमेवर मीठ चोळलं. "तूच तेवढा नागपूरले पळाला. मंग असंच होते."

देवमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, पूजा चुकली म्हणून कुठं व्होल्ट कमी होतात? एखादी तार कच्ची असती तर ठीक. सगळ्याच सारख्या कच्च्या कशा?

त्यानं स्विच वगळून मीटर आणि रिले थेट तारेला लावले. काटा पन्नासवर गेला, रिले खट्ट करून बसला. दुसऱ्या तारेचंही तेच. जोडणी ठणठणीत होती, मधला स्विचच व्होल्ट खात होता.

पेचकसानं त्यानं स्विचचं झाकण उघडलं. आत पितळी पट्ट्यांवर हळदकुंकवाचा लगदा बसला होता, नारळाच्या पाण्यानं चिकट झालेला.

"अंदर पानी कोनं शिंपडलं?"

भगवंतरावानं दाराकडं नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "पुसून टाक ना बाप्पा. साहेबाले कायले सांगतं?"

"माही जोडणी कच्ची हाये हे सांगाले गेले, तवा नाही बोलले तुमी असं हळू."

भगवंतरावानं फडकं पुढं केलं. देवमननं ते हिसकावून खिडकीबाहेर भिरकावलं, स्टूल ओढलं आणि उघड्या स्विचसमोर ठाण मांडून बसला.

"साहेबाले बोलवा. तवरिक याले कोनी हात लावाचा नाही."