वच्छलाबाईचा भाव

आमच्या कोंढा गावात धानाच्या रोवणीचा भाव वच्छलाबाईच्या तोंडून निघायचा. शेतकरी तिला बांधीवर, आपल्या धानाच्या शेतावर, घेऊन जायचा. ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक चक्कर मारायची, पाण्यात पाय बुडवून चिखल पाहायची आणि एकच आकडा सांगायची. मग पाऊस येवो, कोणी बाई आजारी पडो, आकडा बदलायचा नाही. म्हणून मालक तिच्याकडे येत आणि म्हणूनच आठ बाया तिच्या मागे जात. तिच्याजवळ शेत नव्हतं. नवरा गेल्यावर तिने कमावलं ते एवढंच, आपलं बोलणं आणि त्यामागे चालणारी ही टोळी.

मागच्या वर्षी उन्हाळी धान निघाल्यावर पवनीबाहेरच्या नव्या लेआउटमधून निरोप आला. बँकेतल्या अतुल साहेबांनी तिथे घर बांधलं होतं आणि घरासमोर त्यांना लॉन हवं होतं. गवत ते भंडाऱ्याच्या नर्सरीतून आणणार होते. त्याच्या काड्या बोटाने ओल्या मातीत एकेक करून खोचायच्या होत्या. हे काम धान रोवणाऱ्या बायांसारखं कोणाला जमत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

वच्छलाबाई ऑटोने गेली. भिंतीच्या कडेने तिने चक्कर मारली, जणू तो शेताचा धुराच. आदल्या संध्याकाळी पाणी मारलेली लाल माती सपाट, मऊ दिसत होती. तिने पाय टेकवला, बोटं रुतली. तीन हजार, ती म्हणाली. साहेबांनी विचारलं, मागाहून वाढणार तर नाही ना?

"मी बोलली ना साहेब."

रोवणीत बांधी मालक तयार करून देतो. नांगरणी त्याची, चिखल त्याचा, बायांचे फक्त हात. त्यामुळे वरच्या मातीखाली काय आहे हे विचारायची सवय वच्छलाबाईला कधी लागलीच नव्हती.

पहिल्याच सकाळी रेणूचं नख उलटलं. रेणू तिच्याच गल्लीतली, टोळीतली सगळ्यात चपळ. दोन बोटं मातीखाली विटांचे तुकडे होते, फरशा होत्या, गोठलेलं सिमेंट, तारा. घर बांधणाऱ्याने मलबा उचललाच नव्हता, पसरून वर माती ओढली होती. साहेब बाहेर आले, पाहून हळहळले. आपल्यालाही हे ठाऊक नव्हतं, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले की भाव मात्र लॉनचा ठरला होता, तयार लॉनचा. आवाज चढला नव्हता. आतून चहाही आला.

दुपारी बाया भिंतीच्या सावलीत बसल्या. रेणूने बोटाला चिंधी गुंडाळली होती.

"हे बांधी नोहोय मावशी. सांग ना त्याले, भाव चुकला म्हणून."

"एकदा बोलली ते बोलली."

"तू बोलली. खणून राहिलो आमी."

एक बाई हसली, म्हणाली, मावशीले बंगल्याची सावली मानवली. वच्छलाबाई हसली नाही. तिने शेजारच्या घरी काम करणाऱ्या गवंड्याकडून पहार मागून आणली आणि सगळ्यांच्या आधी उठून खणायला लागली.

एका दिवसाचं काम चार दिवस चाललं. आमच्याकडे रोवणी संपते त्या दिवशी बाया मालकाला चिखलाचं बोट लावतात आणि बोजारा मागतात. मालक खुशीने काही पैसे देतो, कधी कोंबडी देतो. तो मजुरीत धरत नाहीत, पण न देणारा मालक गावात तोंड वर करून फिरत नाही. आपल्या तोंडाने भाव वाढवायचा नाही, पण बोजाऱ्यात साहेब भरून काढतील, या आशेवर वच्छलाबाई चार दिवस खणत होती. शेवटची काडी खोचून झाल्यावर ती ओलं बोट पुढे करून पायरीपर्यंत गेली. साहेब मागे सरकले. त्यांची बायको रुचिका दारातून म्हणाली,

"अहो मावशी, ठरलं ते देतोय ना आम्ही?"

बायांनी ते ऐकलं. वच्छलाबाईने बोट पदराला पुसलं. तीन हजारांत तिने आपला वाटा धरलाच नाही, सगळे आठ जणींत वाटले. तरीही ते कोणालाच पुरले नाहीत.

गवत छान लागलं. लेआउटमधल्या दोन नव्या घरांतून बोलावणं आलं. वच्छलाबाईने या वेळी मलब्याची गोष्ट काढली, दुप्पट भाव सांगितला. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, अतुल साहेबांकडे तर तीनच घेतले. ते खरंच होतं. तिचाच आकडा होता, आणि तिचे आकडे बदलत नाहीत हे आता पवनीतही ठाऊक झालं होतं. ती कामं न घेताच परतली.

रोवणी आली तेव्हा आठपैकी पाच बाया रेणूच्या दारात उभ्या होत्या. रेणू भांडली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली,

"तुह्या बोलापायी आमचे हात गेले मावशी."

उरलेल्या दोघी दिवाळीनंतर गेल्या. एकट्या बाईला कोणी बांधी देत नाही. यंदा उन्हाळ्यात वच्छलाबाई स्वतःच रेणूकडे गेली, रोजाच्या हजेरीवर येऊ का, विचारायला. रेणूने लगेच हो म्हटलं. वच्छलाबाईच्या हातासारखा हात नव्हताच कोणाचा.

परवा त्याच लेआउटमध्ये नवं घर पाहायला रेणू तिला सोबत घेऊन गेली. माती लाल, सपाट, पाणी मारलेली. मालक म्हणाला की तिकडच्या घरी कोणी वच्छलाबाई होती, तिने म्हणे तीन हजारांत करून दिलं.

"ते टोळी आता नाही राहिली," रेणू म्हणाली आणि वळून न पाहता हात मागे केला.

वच्छलाबाईने सोबत आणलेली पहार तिच्या हातात दिली. पहिल्याच घावाला खालून दगडाचा आवाज आला.

"बारा हजार," रेणू म्हणाली. "खाली जे निघल, ते उचलाचे अलग."

मालकाने क्षणभर मातीकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. वच्छलाबाई घमेलं घेऊन खाली बसली.