खताच्या पोत्यावर वाळलेली माती

माझी आत्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत माती कुटायची. असं म्हटलेलं तिला मुळीच खपायचं नाही. "कुटत नाही, तयार करते," ती म्हणायची. शेतकऱ्यांनी आणलेली ढेकळं लाकडी हातोड्याने फोडायची, चाळणीतून गाळायची, कापडी पिशवीत भरायची आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची. पुढचं काम यंत्रांचं आणि साहेबांचं. पण चोवीस वर्षांत पाच साहेब बदलले, आत्या तिथेच राहिली. खरा साहेब कोण, हे खिडकीशी आलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळायचं.

"ही झाडाखालची ना?" पिशवी उघडताच ती धारेवर धरायची. "शेताचा फोटो काढायचाय का, चांगला कोपरा दाखवायला? जा, आठ-दहा ठिकाणची घ्या, मिसळा, सावलीत धुतलेल्या कापडावर वाळवा." खताच्या पोत्यातून आणलेली माती तर ती हातातही घ्यायची नाही. पोत्याला खत चिकटलेलं असतं, मग यंत्र शेताचं सोडून पोत्याचंच सांगत बसतं, हे तिने किती जणांना ऐकवलं असेल याची गणतीच नाही.

आमच्या खालच्या शेतात दोन वर्षं मका गुडघ्याच्या वर जाईना. पानांवर पांढरे पट्टे उमटायचे. शेवटी बाबांनी तिथली माती बादलीत भरली, तशीच ओली बसने नेली, आत्याच्या घरी ठेवली आणि उभ्या उभ्या परत आले.

महिन्याने अहवाल आला. क्षार अत्यंत जास्त, जमीन पिकास अयोग्य. एक वीटभट्टीवाला केव्हापासून त्या शेताच्या मागे लागला होता, त्याला वरची दोन हात माती खणून न्यायची होती. बाबांनी त्याला होकार कळवला. सोमवारी सकाळी त्याचं यंत्र येणार, असं ठरलं. मी खूप भांडले.

"अगं, माझ्या बहिणीच्या हातून गेलेली माती आहे ती," बाबा म्हणाले. "तिच्यात चूक निघेल का?"

मी अहवाल उचलला. शनिवारी आत्याला फोन लावला आणि सगळा राग तिच्यावर काढला, जणू ते क्षार तिनेच आमच्या शेतात ओतले होते. ती म्हणाली, "ओरडू नकोस. आकडे वाच." मी वाचत गेले. पालाशच्या आकड्याला तिने मला अडवलं.

"एवढं पालाश?" तिने विचारलं. "दादाने त्या शेतात कधी पालाशचं खत टाकलंय?"

"कधीच नाही."

तिने फोन ठेवून दिला.

रविवारी पहिल्या बसने ती दारात हजर. मी पाणी दिलं, ते तिने तसंच बाजूला ठेवलं.

"दादा, अहवाल चुकलाय."

"काहीतरीच काय. शिक्का आहे त्यावर."

"शिक्का बरोबर आहे. माती मी बिघडवली." तिची नजर जमिनीवरून वर येईना. "गच्चीवर पालाशच्या खताचं रिकामं पोतं होतं, त्यावर वाळवली. कापड भिजलेलं होतं, आणि म्हटलं, घरचीच तर आहे."

"जगाला शिकवायचं आणि घरी हे?" माझ्या तोंडून निघून गेलं. एरवी तिने माझी खरडपट्टी काढली असती. तिने नुसती मान हलवली, आणि मला रागापेक्षा तिची कीवच जास्त आली.

बाबा म्हणाले, "मी शब्द दिलाय गं त्याला."

"माझ्या चुकीवर दिलायस. त्याच्याशी मी बोलते."

सोमवारी यंत्र बांधाला लागलं तेव्हा आत्या कुदळ घेऊन वाटेत उभी होती. "आठ दिवस थांब," तिने भट्टीवाल्याला सांगितलं. "तेवढ्यात माती कुठे पळून जात नाही. पण आज नेलीस तर आमच्या नातवंडांनाही परत मिळायची नाही." तो कुरकुरला, पण यंत्र घेऊन वळला. त्याचीही पिशवी कधीतरी तिच्या खिडकीतून परत गेली असणार.

मग बाबांनी नागमोडी चालत दहा खड्डे घेतले. आईची धुतलेली चादर अंथरून आत्याने माती मिसळली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा मिसळले. शेवटी ओंजळभर राहिली, ती सावलीत वाळवली. मी जवळ गेले तर म्हणाली, "चप्पल लांब ठेव." तेव्हा मला जरा बरं वाटलं.

प्रयोगशाळेत साहेबांनी तिला सांभाळून घेतलं. "नवा अहवाल देऊ. कारण कशाला लिहायचं? वर्षभरात निवृत्त व्हाल तुम्ही." तिने नोंदवही ओढली आणि पोत्याची हकीकत स्वतःच्या नावासकट लिहून काढली, पेनाने.

निकाल आला. क्षार बेताचे होते. जस्त कमी होतं आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा कस, कमी होता, पण दोन्हींवर इलाज होता. माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी जस्त टाकलं, ताग पेरून फुलावर येताच हिरवं खत म्हणून जमिनीत गाडला. पुढच्या हंगामात मका बाबांच्या डोक्याच्या वर गेला. भट्टीवाला एकदा बांधावरून बघून गेला.

आत्याच्या निवृत्तीला महिना उरला असताना बाबा पुन्हा माती घेऊन प्रयोगशाळेत गेले. मी सोबत होते. तिच्या शेजारच्या टेबलावर नवा माणूस बसला होता. बाबांनी पिशवी आत्यापुढे ठेवली.

"त्याच्याकडे दे, दादा," ती हळूच म्हणाली. "मी एकदा चुकलेय."

"चुकला तो पण असता," बाबा म्हणाले. "पण पहिल्या बसने घरी सांगायला आला असता का?"

आत्याने पिशवी उघडली, माती बोटांत चुरडून बघितली आणि चिठ्ठी लिहायला पेन्सिल शोधू लागली. ती तिच्या कानामागेच होती, तरी बराच वेळ सापडेना.