नववीतली मॉनिटर आणि कॉलेजातलं ‘एक साथ नमस्ते’

भोरच्या कॉलेजात मी विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते शाळेच्या युनिफॉर्मवर. नववीत होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि दोन वेण्या, लाल रिबिनी, पिन लावलेली ओढणी अशी तश्शीच एसटीत बसले...

ही दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. शिवऱ्यात हायवेला आमच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. कॉलेजात शनिवार-रविवारी कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झालाय, ही खबर तिथंच एका गिऱ्हाइकानं हवा भरता भरता दिली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

तसा आमच्या शाळेतही कॉम्प्युटर होता. हेडमास्तरांच्या ऑफिसात, प्लास्टिकच्या कव्हरखाली! त्याला हात लावायची हिंमत खुद्द हेडमास्तरांना नव्हती, तिथं आमचं काय घेऊन बसलात.

पण कोर्स होता अकरावीच्या पुढच्यांसाठी. घरीदारी सगळे म्हणाले, आधी दहावी कर, मग बघू. एकटे अब्बा म्हणाले, "इचारून तर बघू. न्हाई म्हणले तर माघारी येऊ. एसटी काय पळून चाललीया व्हय?" आणि दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर आले.

कोर्सच्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अब्बांच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. एक जागा रिकामी होती. म्हणाले, पहिल्या टेस्टपर्यंत बसू दे. पास झाली तर कोर्स तिचा, नाहीतर दहावी करूनच यायचं. मी मान हलवली... मनात म्हटलं, आता मला इथून कुणी उठवून दाखवाच!

आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

चपला दाराबाहेर काढून सगळे आत बसलो होतो. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून तेव्हा देवळासारखी शिस्त असायची. सर आत आले आणि मी ताडकन उठून खणखणीत आवाजात ओरडले, "एक साथ..."

आमच्या वर्गाची मॉनिटर होते ना मी! मी ‘एक साथ’ म्हणायचं आणि अख्ख्या वर्गानं ‘नमस्ते’ म्हणायचं, हे इतकी वर्षं अंगात मुरलेलं. मागून ‘नमस्ते’ येईल म्हणून थांबले... आला तो हशा. कॉलेजात सर आल्यावर कुणी उठतसुद्धा नाही, हे मला कोण सांगणार?

सगळ्यात जास्त हसली वैशालीताई. वेल्ह्याची, बी.ए.ला होती, आणि माझ्याच मशीनवर माझी जोडीदारीण. त्या दिवसापासून माझं नावच पडलं, ‘एक साथ’. "ए एक साथ, सरक की जरा!" अस्सा राग यायचा म्हणून सांगू...

घरी येऊन रडले. अब्बा ट्यूब घासत होते, मान वर न करता म्हणाले, "नमस्तेच केलंस ना? शिवी तर न्हाई दिली? जा, हात धू, जेव." झालं... आमच्याकडे विषय असेच संपायचे.

मशीन हाताला लागायचं ते अर्धाच वेळ. म्हणून मी ट्रकच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा कापला, पिवळ्या खडूनं त्यावर अख्खा कीबोर्ड काढला आणि दुकानात बसून बोटं चालवायला लागले. ट्रकवाले विचारायचे, पोरगी हे काय बडवतेय? अब्बा ऐटीत सांगायचे, "कालीजात जाती ती."

मग आली टेस्ट. पत्र टाईप करायचं, खाली तक्ता काढायचा. निम्मं झालं असेल नसेल... लाईट गेली. बॅटरी होती, पण नुसती नावाला. दोनदा पीं पीं केलं आणि सगळे पडदे काळे. खोलीभर एकच "अरे देवा!"

लाईट आल्यावर सरांनी विचारलं, कुणाकुणाचं शाबूत राहिलंय? कुणाचंच नव्हतं. माझं होतं... शेवटच्या ओळीपर्यंत!

त्यात हुशारी वगैरे काही नाही हो. पंक्चर काढलं की ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा येतोय का ते बघायचं, मगच पुढच्या कामाला हात लावायचा, ही अब्बांच्या दुकानाची रीत. सरांनी ‘सेव्ह’ करायला शिकवलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच पाण्यात बुडवणं! म्हणून मी ओळ झाली की सेव्ह, ओळ झाली की सेव्ह करत बसले होते. बाकीच्यांची टेस्ट पुन्हा ठरली. मी उरलेलं तिथंच पुरं केलं... आणि पास!

पुढच्या शनिवारी एसटी कापूरहोळला बंद पडली. पोचले तेव्हा तास सुरू झालेला. चपला काढून दारातून भीत भीत "आत येऊ का सर?" म्हटलं... आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

वैशालीताई उठून उभी होती. "एक साथ..." ती ओरडली, आणि ती सगळी मिशा फुटलेली, साड्या नेसणारी कॉलेजची मंडळी उभी राहून म्हणाली, "नमस्ते!" सरांनीही हसत हात जोडले. मला केवढा आनंद झाला! बावळटासारखी दारात उभी राहिले.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या भिंतीवर कोर्सची पाटी नव्यानं रंगवली. ‘आठवीपासून पुढे प्रवेश’. अब्बांना मी मुद्दाम घेऊन गेले, भिंतीसमोर उभं केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

अब्बांनी पाटीकडे बघितलं. मग टोपी सारखी करत म्हणाले, "बघ... आपन इचारलं म्हणून त्यांनी रंगवलं."