उलट्या बाजूची गाणी

देवळीच्या स्टँडवर वर्ध्याची यष्टी उभी होती, माझी ट्रंक टपावर चढली होती, आई शिदोरीच्या गाठोड्याला पुन्हा एकदा गाठ मारत होती आणि समोरच्या हॉटेलच्या पत्र्यावरून एक गोरा साहेब शिट्टी वाजवत होता. साहेब रेकॉर्डवरचा. भोंगा गुलाबमामानं सकाळीच येऊन बांधला होता. "भाची पुण्याले नोकरीवर चालली, अन् मी काय नुसता रुमाल हालवत उभा राहू?" असं तो सगळ्या स्टँडला ऐकवत होता.

शिट्टीनंतर ड्रम येतो आणि मग पाच आवाज एकदम उसळतात. कंडक्टरनं घंटी दिली, तरी ड्रायव्हर स्टार्टर मारेना. "थांब ना बे, गानं होऊ दे. मंग निंगू," म्हणाला. त्या एका गाण्यापुरती माझी यष्टी थांबली. तेवढ्यात बाबांनी खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. "जाशीन तिथं मान वर ठेवजो. अन् नाई जमलं तं परत येजो. लाजू नको."

देवळीच्या मंडळींनो, तुमच्यातले कितीतरी जण त्या दिवशी तिथं होते. आणि जे माझ्यासारखेच नागपूर, भिलाई, पुण्याकडे पांगले, त्यांनाही ती शिट्टी अजून वाजवता येत असणार. हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

गुलाबमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्नाबारशाला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. एकदा बाजाराच्या दिवशी पुलगावकडचा एक भंगारवाला बदली झालेल्या कुठल्याशा साहेबाच्या घरचं सामान घेऊन आला. त्यात एका विलायती बँडच्या तीन लहान रेकॉर्डी होत्या. साठच्या दशकात त्या पाच पोरांनी शहरंच्या शहरं वेडी केली होती, हे मला फार पुढे कळलं. मामानं त्या घेतल्या, कारण त्यांचा काळा रंग फार चकचकीत होता.

गंमत अशी की साहेबाच्या मुलांनी गाजलेली बाजू इतकी वाजवली होती की सुई ठेवली की नुसती खरखर यायची आणि एकच शब्द अडकून बसायचा. मामानं तिन्ही रेकॉर्डी उलट्या केल्या. उलटी बाजू कोरी करकरीत! जिला कोणी हात लावला नव्हता त्या बाजूची गाणी आमची झाली. इंग्रजी नावं कोणाला वाचायची होती? एक झालं शिट्टीवालं. दुसरं खोकल्यावालं, कारण दुसऱ्या कडव्याच्या आधी गाणारा चक्क खोकतो. ठेका थांबतो, "खॉक्", आणि पुन्हा सुरू. रेकॉर्ड काढणाऱ्यानं तो खोकला तसाच कसा राहू दिला कोण जाणे. आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्या जागेची वाट बघत असायची आणि बरोबर ठेक्यावर खोकायची.

पुण्यात मी टेलिफोन एक्सचेंजला लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, "नंबर प्लीज". पहिले महिने वाईट गेले. मी "मले" म्हटलं की शेजारच्या मुली हसायच्या. होस्टेलच्या खोलीत मी बोलणंच बंद केलं होतं. बाबांचं "परत येजो" रोज जवळ येत होतं. वर्ध्याच्या तिकिटाची चौकशीसुद्धा मी करून आले होते.

माझ्या खोलीत ग्लोरिया राहायची, पुण्याच्याच कँपातली, पण रात्रपाळीमुळे होस्टेलवर, माझ्याच शिफ्टची. एका रविवारी मी कपडे पिळताना खोकल्यावालं गुणगुणत होते. ती ब्रश तोंडात ठेवून धावत आली.

"हे कुठे ऐकलंस?"

"आमच्याकडे लग्नात वाजतं."

ती इतकी हसली की मला राग आला. त्या बँडच्या सगळ्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, तिच्याकडे होत्या, भिंतीवर पाचही जणांचं चित्र होतं आणि मी रोज त्यांच्याखाली झोपत होते! पण हे गाणं एलपीवर आलंच नव्हतं. त्याबद्दल तिनं फक्त वाचलं होतं. मुंबईला दुकानं पालथी घातली होती, गोव्याच्या मावशीला कामाला लावलं होतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. मी म्हटलं आणि सवयीनं मध्येच खोकले.

"ए, खोकलीस का?"

"गाण्यात आहे."

"खोटं! तू बनवतेस."

"मग चल देवळीले. ऐकवते तुले."

रागाच्या भरात मी "तुले" म्हणून गेले. ती हसली नाही. तिनं विचारलं, "कधी जायचं?"

मे महिन्यात आम्ही दोघी रजा घेऊन निघालो. मी तिकीट काढलं ते जाण्याचं आणि येण्याचंही. आता मला मैत्रीण होती.

मामा त्या आठवड्यात अल्लीपूरच्या लग्नाला होता. भोंगे यष्टीच्या टपावर आणि आम्ही आत. मांडवात पोचलो तर वरबाप अडून बसला. "हिंदी गानी लावा गुलाबराव. हे इंग्रजी काऊन पाह्यजे? पाव्हणे नागपूरचे आहेत."

मामा भला माणूस, पण भिडस्त. तो माझ्याकडे बघायला लागला. ग्लोरियाचा चेहरा पडला. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात आली होती ती. मग मीच पुढे झाले. पुण्यात तोंड न उघडणारी मी, वरबापाला म्हणाले, "काका, ही पोरगी पुण्याहून फक्त या एका गान्यासाठी आली. एकदा लावू द्या. पाव्हण्यांले नाई आवडलं तं मी सोता बंद करतो."

वरबापानं ग्लोरियाच्या फ्रॉकपासून चपलेपर्यंत पाहिलं. "पुण्याहून? बरं, लाव बापा."

सुई टेकली. कडुलिंबाला बांधलेल्या भोंग्यातून गिटार सुरू झाली. ग्लोरियानं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पहिलं कडवं संपलं, ठेका थांबला आणि अल्लीपूरच्या मांडवातली झाडून सगळी पोरं, दोन आचारी, पाणी वाढणारा एक म्हातारा आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेवसुद्धा एका दमात खोकले. खॉक्! ग्लोरिया आधी ओरडली, मग खाली मांडवातच बसली आणि हसता हसता रडायला लागली. नागपूरच्या पाहुण्यांनी तेच गाणं पुन्हा मागितलं. दुसऱ्यांदा तेही खोकले.

तिसरं गाणं मामा पाठवणीला लावायचा. फार संथ, एकट्याचा आवाज, मागे हलकासा ऑर्गन. त्या दिवशीही नवरी बैलबंडीत चढली आणि बायांच्या डोळ्यांना धार लागली. ग्लोरियानं माझ्या कानात विचारलं, "यांना माहीत आहे का हा काय म्हणतोय?" मी मानेनंच नाही म्हटलं. "याची सायकल चोरीला गेलीय!" ती म्हणाली. आम्ही दोघी माझ्या पदरात तोंड घालून हसलो आणि नवरीच्या आईला वाटलं, पुण्याच्या पोरी किती मायाळू.

परतायच्या आदल्या दिवशी ग्लोरियानं सोबत आणलेली एलपी मामाला ऐकवली. जगभर गाजलेलं पहिलंच गाणं. मामानं डोळे मिटून पुरतं ऐकलं. "आवाज तेच होत," तो म्हणाला. "पण याच्यात खोकला नाई, शिट्टी नाई. लोकांले काऊन आवडलं असंन?" आणि खोकल्याची रेकॉर्ड त्यानं फडक्यात गुंडाळून ग्लोरियाच्या हातात दिली. ती नको म्हणत राहिली. "ने बाई. आमच्या तं साऱ्याईले पाठ आहे."

ग्लोरिया पुढे ऑस्ट्रेलियाला गेली, रेकॉर्ड घेऊन. मी पुण्यातच राहिले, लग्न केलं, बढती मिळाली, गॅस आला, टीव्ही आला. माझी मुलगी "मला" म्हणते. मामानं कॅसेटींचा जमाना आला तसा भोंगे विकून टाकले आणि पंखे दुरुस्त करायला लागला. बाबा आता नाहीत. देवळीच्या घरी मी पाहुणी असते, मला ठेवणीतला कप मिळतो.

गेल्या उन्हाळ्यात वडनेरला चुलतबहिणीच्या मुलीच्या हळदीला गेले. अंगणात बाया गाणी म्हणत होत्या. टेप नव्हता, ढोलकीही नव्हती, नुसते आवाज.

गाडी हाक हळू रे दादा,
तांब्या इसरली मी ओट्यावर...

चाल त्या सायकलवाल्याची होती! तीच चढण, तीच ती मधली लांबवलेली ओळ. शेजारच्या बाईला विचारलं, हे गाणं कुठलं? "कुठलं म्हंजे? आपलंच हाये. माही सासू म्हने."

मी सांगायला तोंड उघडलं. विलायतेतला बँड, पुलगावचा भंगारवाला, मामा, सगळं. मग वाटलं, कशाला? आणि त्यांच्यात बसून गायला लागले. माझ्या डोक्यात मात्र अजून रेकॉर्डच फिरत होती.

समोरच्या एका म्हातारीनं हळदीचा हात वर करून मला थांबवलं. "अशी नाई, पोरी. इथं आवाज खाली नाई आनाचा, वर न्याचा."

पुण्यात मला कोणी पोरी म्हणत नाही. मी सरकून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि ती ओळ तिच्यासारखी, वर नेऊन म्हटली.