बाच्या वाटणीचा तुकडा

आमचं प्रार्थनाघर म्हणजे पिंगळीजवळच्या वस्तीतली एक मातीची खोली. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, परभणीहून निजामाच्या रेल्वेनं यायचे, अन् गाडीची शिटी हीच आमची घंटा. छपराच्या फटींतून उन्हाच्या रेघा उतरायच्या, त्यांत धूळ संथ तरंगायची. डोळे मिटून गाणाऱ्या माणसांत बसलं की मला वाटायचं, ही सगळी खोलीच हळूहळू कुठंतरी निघालीय. आजही डोळे मिटले की मी तिथंच असते.

त्या खोलीशिवाय माझ्या बाचा आठवडा सरत नसे. सतरंजी त्यानंच अंथरायची, ढोलकी त्यानंच वाजवायची. त्या रविवारी तापानं त्याला उठवेना, तेव्हा भिंतीकडं तोंड करून तो रडला. बाप रडतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आज प्रभुभोजन हाय, अन् मी हितं पडलोय," म्हणाला.

"गप पडा बरं. तुमच्या वाटणीचं मी घेऊन येते," माय म्हणाली.

आता प्रभुभोजनाची पोळी म्हणजे येशूचं शरीर मानून तिथंच खायची, ती काय घरी बांधून आणायची असते व्हय? पण माय नवीनच ख्रिस्ती झालेली. जत्रेचा प्रसाद घरच्यांसाठी पदरात बांधायचा, एवढं तिच्या हातांना ठाऊक. प्रार्थनाघरात ताट समोर आलं. तिनं तुकडा उचलला, तोंडापाशी नेला अन् हळूच पदराला गाठ मारली. पाळकांचे डोळे मिटलेले होते.

येताना ती काढ्यासाठी वैद्याकडं थांबली. तुकडा माझ्या मुठीत देऊन म्हणाली, "पळत जा, बाला दे. मी आलेच."

आमा पोरांना ती पोळी मिळत नसे. अन् गव्हाची हो! घरी बारा महिने ज्वारीची भाकर. मी आधी नुसती कड चाटली. लय गोड लागली. मग बांधावरून चालताना, ऊन, वारा, ते गाणं अजून कानात, मुठीत काय उरलं ते मला कळलंच नाही. घरी पोचले तर मूठ रिकामी.

मी दारातच बसून राहिले. माय आली, माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् सगळं समजली. "मेले!" एवढंच पुटपुटली. मला वाटलं, आता पाठ सोलून निघते. पण ती चुलीपाशी गेली, सकाळच्या भाकरीचा तुकडा मोडला, पदराखाली धरून बाच्या बाजेपाशी नेला अन् पाळकांचे शब्द आठवतील तसे म्हणाली.

बानं तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. ज्वारी त्याला ओळखू येणार नाही, असं कसं होईल? मग त्यानं उंबऱ्यातल्या माझ्याकडं पाहिलं. डोळे मिटले, ओठ हलले, अन् तुकड्याचे दोन भाग केले.

"ये गं हिकडं," तो म्हणाला. "तुलाबी भूक लागली असंल."

मी घेतला. रडत रडतच तोंडात घातला.