पाखराची चोच वाचता येत नाही

चाचा कुजबुजले की तळ्यावरचे सगळे शेकाटे उडून जायचे. त्यांची उमर कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनींच्या दणदणाटात गेली, कान तिथेच राहिले. ते आपल्या मते हळू बोलायचे आणि पलीकडच्या काठावरचा वॉचमन "काय झालं?" म्हणून उठून उभा राहायचा. उद्यानात रविवारी पक्षी बघायला येणाऱ्या ग्रुपने एकदा हात जोडले, "चाचा, तुम्ही जरा तिकडे थांबता का?" चाचांनी ओठ वाचले, मान डोलावली आणि कायमचे पंपहाऊसच्या बाजूला गेले.

मीही तिकडेच गेलो. मी निघोज्याचा, आमच्या घराण्यातला पहिला इंजिनियर. ताथवड्याच्या कॉलेजातून डिग्री घेतली, पहिल्या पगारात दुर्बीण घेतली; दोन्हींचा मला अभिमान आहे. पण आई म्हणायची, "पाखरं बघाया येवढं शिकलास व्हय?" आणि कंपनीत विषय काढला की, "राव, सुट्टीला झोपावं माणसानं." सांगायला माणूस मलाही नव्हता.

प्रेस शॉपमध्ये कोणाचं कोणाला ऐकू जात नाही; तिथली माणसं ओठांवर बोलतात. त्यामुळे चाचांशी ओरडावं लागत नसे. समोर उभं राहून, आवाज न काढता ओठ हलवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, एक बहिरा आणि एक मुका.

त्यांची अडचण वेगळीच होती. "माणसाचे ओठ वाचता येतात रे, पाखराची चोच नाही वाचता येत. काय बोलायलंय ते?"

मग मी त्यांना आठवणाऱ्या आवाजांत सांगायचो. शेकाट्या चिडला की फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न. पिवळा धोबी म्हणजे कोरडी बेअरिंग.

"मग ग्रीस कोणी दिलं नाही का त्याला?" म्हणून चाचा खदखदून हसायचे आणि धोबी पसार.

घरचं फारसं काढत नसत. एकदाच म्हणाले, "चाची होती तवर ती बोलायची. आता मुलाचे हातवारे. जेव, झोप, पंखा बंद कर. एवढ्याला हात पुरतात."

मार्चमध्ये भोरड्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या गुलाबी मैना, परत निघण्याआधी संध्याकाळी तळ्यावर जमतात. थवा वळतो, गुंडाळतो, उलगडतो आणि शेवटी बाभळींवर उतरून कलकलाट करतो. गेल्या वर्षी चाचा कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे कसंय?"

"पहिली शिफ्ट सुटल्यावर गेटवर असतं, तसं."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे खुशीत असतील. घरी निघालेत."

मग सांगितलं, की मुलगा दिघीची खोली सोडतोय आणि ते स्वतः लातूरकडे, भावाच्या गावी चाललेत. "तिकडं तळं नाही. माझ्यासमोर ओठ हलवणारं बी कोणी नाही."

"फोन करतो," असं तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली. त्यांचा फोन साधा, बटणांचा. त्यात ओठ कुठून दिसणार? पण चाचांनी वाचलं होतं.

"कर. खिशात थरथरला की कळतं मला. तूच असशील, दुसरं कोण करायलंय? ऐकू नाही आलं तरी उचलीन."

परवा भोरड्या पुन्हा जमल्या. मी पंपहाऊसपाशी उभं राहून फोन लावला. चाचांनी उचलला. मी सगळं सांगितलं: थवा केवढा आहे, कसा वळला, आवाज कसला. पलीकडून मध्येच "हां", भलत्याच जागी "अच्छा". माझं सांगून संपलं. ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.

"बोलायलास ना?" चाचा म्हणाले. "बोल, बोल. मी हाय."

मी फोन ठेवला नाही.