दुसऱ्या रॅममधला आकडा

कडीना गावातल्या त्या छोट्या कारखान्यात सौर पंपांचे कंट्रोलर बनत. त्यांच्या चिपमधला प्रोग्राम ग्लेनिस ट्रेगेंझा तपासायची. वय अठ्ठावन्न. तिच्या सहीशिवाय माल बाहेर पडत नसे.

शुक्रवारी ट्रक दारात उभा होता. मालक डेन्झिल हॉकिंग कागद घेऊन आला.

"कर सही."

"नाही करणार. कोरलचा पंप सकाळी सुरूच होत नाही. तीन दिवस मेंढ्यांना लांबून पाणी आणून पाजतेय ती."

कोरल पास्को उत्तरेच्या माळावर राहायची. कंट्रोलरचा पहिला डबा चाचणीसाठी तिलाच दिला होता.

"वायरी उलट्या जोडल्या असतील तिनं! आपण शंभरदा बंद-चालू करून पाहिलं ना?"

"तिथंच तर गोम आहे. आपण बंद करतो आणि लगेच चालू करतो. तेवढ्यात रॅममधलं जुनं पुसलंच जात नाही. तिच्याकडे सूर्य मावळला की वीज जाते, ती उजाडल्यावर येते."

मुख्य रॅम, म्हणजे चिपची तात्पुरती मेमरी, भरली म्हणून गेल्या महिन्यात डेन्झिलने टाकी किती टक्के भरली की पंप थांबवायचा तो आकडा शेजारच्या दुसऱ्या रॅममध्ये हलवला होता. चिप जागी झाली की कायमच्या मेमरीतले सुरुवातीचे आकडे रॅममध्ये भरले जात, पण ते काम करणारा कोड मुख्य रॅमपुरताच होता. कारखान्यात प्रोग्राम भरणारं यंत्र दुसरीतही आकडा ठेवून देई, म्हणून इथे सगळं ठीक दिसे.

"मालक मी आहे, ग्लेनिस."

"आहेस ना? मग जेवण होईपर्यंत हे तीन डबे बंद राहू देत. आकडा बरोबर निघाला तर सहीही करते आणि राजीनामाही देते."

जेवणाला मांस-बटाट्याची पेस्टी खाऊन सगळे परतले. ट्रकवालाही आत आला. ग्लेनिसने पहिला डबा चालू केला. ऐंशी दिसायला हवे होते, पडद्यावर आलं उणे बारा हजार.

"म्हणजे टाकी ठणठणीत कोरडी असली, तरी हा म्हणणार भरली, थांबव पंप!" ट्रकवाला हसला.

"योगायोग," डेन्झिल पुटपुटला.

तिने दुसरा डबा लावला, मग तिसरा. प्रत्येकाचा आकडा वेगळाच आणि तितकाच भलताच.

डेन्झिलचे कान लाल झाले. "जाऊ दे ट्रक परत," तो म्हणाला.

ग्लेनिसने लगेच फोन उचलला. डेन्झिल समोरून हातवारे करत होता, काही कबूल करू नकोस म्हणून. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"कोरल, तुझ्या वायरी बरोबर आहेत. चूक आमची आहे. उद्या दुपारी मी स्वतः येऊन दुरुस्त करते."

"माझंच चुकलं असं तुझा मालक सांगत होता गं!"

"ऐकलंय मी," ग्लेनिस मोठ्याने म्हणाली, "आणि तोही ऐकतोय."